आयगरच्या पायथ्याशी स्कीचा पहिला आठवडा: ग्रिंडेलवाल्डची तयारी

स्वित्झर्लंड पाहून आलेली माणसं आता आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. त्यातली बहुतेक मे महिन्यात जातात, युंगफ्राउयोखला बर्फाचे गोळे फेकतात, फोटो काढतात आणि उतरतात. आठ दिवस एकाच गावात राहून स्की शिकून आलेली माणसं मात्र फार थोडी भेटतात. सुट्ट्यांचं गणित जुळत नाही हे एक कारण. दुसरं म्हणजे कुठून सुरुवात करायची हेच कळत नाही. आम्ही आयगर शिखराच्या पायथ्याशी असलेल्या ग्रिंडेलवाल्ड या गावी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते, मुलगी बारा वर्षांची, आणि बरोबर स्की न करणाऱ्या सासूबाई. त्यानंतर आणखी दोनदा जाऊन आलो. त्या तीन खेपांत जे पक्कं झालं ते इथे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी अख्ख्या आठवड्याची आखणी पहिल्या तीन दिवसांसाठी करावी. हे तीन दिवस कठीण असतात. पोटऱ्या भरून येतात, बूट टोचतात, चार वर्षांची पोरं बाजूने सुळकन निघून जातात. हे दिवस नीट गेले तर चौथ्या दिवशी तुम्ही खरोखर उतारावरून खाली येता, आणि तो आनंद शब्दांत सांगता येत नाही. ते बिघडले तर उरलेला आठवडा हॉटेलच्या खिडकीत बसून जातो.

कधी जायचं

आल्प्समधला हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालतो. म्हणजे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट बंद आणि उतारांवर गवत. त्सेरमाट किंवा ऑस्ट्रियातलं हिंटरटुक्स अशा हिमनद्यांवर मेमध्येही स्की चालतं, पण ती जागा शिकणाऱ्यांची नाही.

नाताळ ते नववर्ष हा आठवडा मुलांच्या शाळांमुळे सोयीचा वाटतो. पण तो सर्वांत महाग, सर्वांत गर्दीचा, आणि बर्फाच्या बाबतीत बेभरवशाचा. ग्रिंडेलवाल्ड गाव १,०३४ मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खाली. डिसेंबरअखेर वरच्या उतारांवर बर्फ असतो, गावात असेलच असं नाही. जानेवारीचा पहिला आठवडा सरला की गर्दी ओसरते, दर उतरतात, बर्फ कोरडा आणि छान असतो. थंडी मात्र कडक, आणि दिवस लहान. जानेवारीच्या मध्यात शेजारच्या वेंगेनला लाउबरहॉर्नची शर्यत असते. १९३० पासून चालत आलेली ही शर्यत सुमारे साडेचार किलोमीटरची, स्कीच्या विश्वचषकातली सर्वांत लांब डाउनहिल, म्हणजे निव्वळ वेगाने खाली येण्याची शर्यत. २०१३ मध्ये इथे एका स्कीपटूचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर नोंदला गेला. पाहायला जायचं असेल तर सोहळाच आहे. शिकायला जायचं असेल तर तो आठवडा टाळा, कारण गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत युरोपभरच्या शाळांना एकामागून एक सुट्ट्या लागतात, तेव्हा तोही सोडा.

माझं मत मार्चकडे झुकतं. ऊन असतं, दिवस मोठा असतो, बाहेर बसून जेवता येतं. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि नवीन वर्ष सुरू होण्याआधी थोडे दिवस मिळतात. ती फट शोधा. मार्चमधला बर्फ रात्री गोठून सकाळी टणक होतो आणि दुपारी दोननंतर भिजलेल्या साखरेसारखा जड होतो. म्हणून या महिन्यात शिकणाऱ्यांची वेळ साधारण दहा ते दोन.

गाव निवडताना काय पाहायचं

जाहिरातीत लिहिलेलं असतं की इतके किलोमीटर उतार आणि इतक्या लिफ्ट. युंगफ्राउ भागात २०० किलोमीटरहून जास्त उतार आहेत, पण पहिल्या आठवड्यात त्यातले फार तर पाच-सहा किलोमीटर तुमच्या कामाचे. तुम्ही विचारायचे प्रश्न वेगळे. शिकणाऱ्यांचा उतार गावाला लागून आहे का? तिथे सरकता पट्टा आहे का, म्हणजे चढून जावं लागत नाही? तिथून पुढची पायरी, लांब आणि सौम्य ‘निळा’ म्हणजे सोपा उतार, जवळ आहे का? आणि स्की न करणाऱ्याला दिवसभर करण्यासारखं काही आहे का?

ग्रिंडेलवाल्ड या चारही प्रश्नांना उतरतं. गावाच्या वरच्या अंगाला बोडमी हा सौम्य, उन्हाकडे तोंड केलेला शिकाऊ उतार आहे. पुढची पायरी म्हणून मेनलिखेन या डोंगराचे वरचे रुंद उतार आहेत, सुमारे २,२०० मीटरवर, त्यामुळे बर्फाचीही चिंता कमी. पलीकडच्या बाजूचं वेंगेनही शिकायला उत्तम. तिथे मोटारींना बंदी आहे, लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची छोटी आगगाडी वर जाते आणि शिकाऊ उतार गावाच्या मधोमध आहे. लहान मुलं असतील तर मी वेंगेनच सुचवीन. म्युरेन हे सुमारे १,६४० मीटरवरचं कड्यावरचं गाव. आर्नल्ड लन यांनी १९२२ मध्ये आधुनिक पद्धतीची पहिली स्लालम, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळत उतरण्याची शर्यत तिथेच भरवली. गाव देखणं आहे, पण बरेच उतार तीव्र, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवा. ऑस्ट्रियातलं सांक्ट आन्टोन आणि स्वित्झर्लंडमधलं व्हर्बिये ही नावं सगळीकडे झळकतात. दोन्ही पट्टीच्या लोकांची ठिकाणं आहेत, पहिल्या वेळी तिकडे जाऊ नका.

खर्चाचा विचार करणाऱ्यांसाठी एक पर्याय असा की श्रीगणेशा भारतात करा. औलीला गढवाल मंडळ विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे अभ्यासक्रम असतात, गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग संस्था आहे. तिथे थांबायला आणि वळायला शिकून आलात तर आल्प्समधला पहिला दिवसच चौथ्या दिवसासारखा जातो.

राहणं

स्वयंपाकघर असलेली सुट्टीची सदनिका चार जणांना हॉटेलपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते, आणि आपल्याला खिचडीची सोय होते. या सदनिका हंगामात बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात, म्हणून विमानाची तिकिटं काढण्याआधी हे पाहा. जाहिरातीतल्या भाड्यात शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल आणि माणशी पर्यटक कर धरलेला असतो की वेगळा, हे लेखी विचारून घ्या. पर्यटक कर भरला की पाहुण्यांचं कार्ड मिळतं, त्यावरच्या सवलती पहिल्याच दिवशी समजून घ्या.

जागा निवडताना नकाशात अंतर पाहू नका, चढ पाहा. पाचशे मीटर हे पुण्यातल्या रस्त्यावर पाचशे मीटर असतात. गोठलेल्या चढावर, कडक बूट घालून आणि खांद्यावर स्की घेऊन तेच अंतर वीस मिनिटांचं होतं. पहिल्या खेपेला आम्ही दृश्याला भुलून गावाच्या टोकाचं घर घेतलं. आयगर खिडकीत होता खरा, पण मुलगी रोज संध्याकाळी रडवेली होऊन चढ चढायची. दुसऱ्या वेळी बसथांब्याशेजारी राहिलो आणि अर्धी दमणूक तिथेच वाचली.

व्हिसा आणि विमा

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. व्यवहारात दोन-तीन महिने आधी वेळ घ्या, कारण मुंबईत नाताळाआधी रांग वाढते. जून २०२४ पासून प्रौढांचं शुल्क ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांचं ४५ युरो आहे. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

इथेच बहुतेकांची चूक होते. व्हिसाला चालणारा विमा स्कीला चालतोच असं नाही. अनेक प्रवास विम्यांमध्ये हिवाळी खेळ वगळलेले असतात, किंवा वेगळा हप्ता भरून जोडावे लागतात. पॉलिसीच्या कागदात तीन गोष्टी शोधा: आखलेल्या उतारांवरचं स्कीइंग समाविष्ट आहे का, उतारावरून खाली आणण्याचा खर्च मिळतो का, आणि हेलिकॉप्टरने सोडवणूक झाली तर तिचा खर्च मिळतो का. स्वित्झर्लंडमध्ये ही मदत तत्पर आणि उत्तम आहे, पण फुकट नाही. १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘रेगा’ या हवाई बचाव संस्थेचा क्रमांक १४१४, रुग्णवाहिकेचा १४४. दोन्ही फोनमध्ये घालून ठेवा, आणि विम्याचा क्रमांक लिहिलेला कागद प्रत्येकाच्या जॅकेटच्या खिशात.

शरीराची तयारी

आठ आठवडे आधी सुरू करा. स्कीइंगमध्ये मांडीच्या स्नायूंना सतत वजन पेलत हळूहळू लांबावं लागतं. गड उतरताना अगदी हेच होतं. म्हणून आपल्याकडच्या लोकांना मी जिमपेक्षा सिंहगड सांगते. चढताना दम वाढतो, पण स्कीसाठी खरी कमाई उतरताना होते. धावत उतरू नका, गुडघे किंचित वाकवून सावकाश, तोल सांभाळत उतरा. मुंबईकरांनी लिफ्टने वर जाऊन जिना उतरला तरी चालेल. त्याच्या जोडीला भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं बसणं, सुरुवातीला तीस सेकंद, शेवटी दोन मिनिटं. दात घासताना एका पायावर उभं राहणं हाही चांगला व्यायाम आहे.

गुडघ्याची जुनी दुखापत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना आधी विचारा आणि ते नको म्हणाले तर ऐका.

कपडे

थंडीच्या नावाखाली आपण एकच जाडजूड कोट घेतो. तिथे तीन थर लागतात. अंगाला चिकटून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर्मल, त्यावर फ्लीस, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स पूर्ण वर्ज्य. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, आणि चेअरलिफ्टवर दहा मिनिटं वाऱ्यात बसलं की तोच घाम बर्फगार होतो. स्की शिकताना घाम खूप येतो, हे आधी कुणी सांगत नाही.

जॅकेट-पँट विकत घ्यायची घाई करू नका. तिथल्या दुकानांत भाड्याने मिळतात, आणि पुण्या-मुंबईतही सहली नेणारी मंडळी देतात. विकत घ्यायचे ते हातमोजे, मोजे आणि गॉगल. हातमोजे जलरोधकच हवेत, कारण शिकणारा माणूस दिवसातून वीसदा बर्फात हात टेकतो. चष्मा असेल तर चष्म्यावर बसणारा गॉगल मागा. हेल्मेट सगळ्यांना हवं, वयाची अट नाही, आणि ते भाड्याने मिळतं.

सनस्क्रीन म्हटलं की आपल्याकडे हसतात. उंचीबरोबर अतिनील किरण वाढतात, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के, आणि ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. म्हणजे ऊन खालूनही लागतं: हनुवटीखाली, नाकपुड्यांशी, कानांना. एसपीएफ ५० लावा, जेवणानंतर पुन्हा लावा, आणि ओठांना वेगळं मलम ठेवा.

बूट: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

स्की भाड्याने घ्यायची, बूटही भाड्याने. ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल या नव्या स्थानकातच दुकानं आणि रात्री सामान ठेवण्याची कपाटं आहेत, त्यामुळे रोज स्की खांद्यावर वाहावी लागत नाही. आधी ऑनलाइन नोंदणी केली तर बहुधा सूट मिळते. पण दुकानात जायचं ते पोहोचल्याच्या संध्याकाळी. पहिल्या सकाळी सगळा गाव तिथे रांगेत असतो, आणि घाईत घेतलेला बूट आठवडा खातो.

बुटाचं माप पावलाच्या लांबीचं सेंटिमीटरमध्ये असतं. आपला नेहमीचा ‘आठ नंबर’ तिथे उपयोगाचा नाही. एकच पातळ, लांब स्की-मोजा घाला. दोन मोजे घातले की ऊब वाढेल असं वाटतं, प्रत्यक्षात घड्या पडतात, रक्त कमी फिरतं आणि पाय जास्त गारठतो. थर्मलची पँट बुटात खोचू नका, ती मोज्याच्या वर संपली पाहिजे. पाय घातला की टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग बकल लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढच्या टोकाला हलकी लागायला हवीत. गुडघे पुढे वाकवले की ती मागे सरकायला हवीत. मग टाच वर उचलून पाहा. टाच आतल्या आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. सैल बूट दुकानात सुखाचा वाटतो, उतारावर मात्र पाय एकीकडे आणि स्की दुसरीकडे जाते. घोट्याभोवती घट्ट पण न टोचणारा हवा. दहा मिनिटं घालून तिथेच फिरा. दुसऱ्या दिवशी नडगी किंवा घोट्याचं हाड दुखलं तर मुकाट्याने सोसू नका, दुपारी जाऊन बदलून घ्या. बदलून देणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. पहिल्या खेपेला मी भिडेखातर दोन दिवस तसेच काढले आणि त्याचे वळ महिनाभर पायावर होते.

स्कीची लांबी शिकणाऱ्यासाठी छाती ते हनुवटीच्या दरम्यान. दुकानदार वजन, उंची, वय आणि अनुभव विचारतो, कारण त्यावरून बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग किती जोर पडल्यावर सुटायचं ते तो ठरवतो. इथे वजन चार किलो कमी सांगू नका, आणि अनुभव तर अजिबात वाढवून सांगू नका. पडल्यावर स्की वेळेवर सुटणं यावर गुडघ्याचं आरोग्य अवलंबून आहे.

शिकवणी आणि दिवसांची वाटणी

नवऱ्याने किंवा मित्राने शिकवणं टाळा. प्रेम टिकतं, पण स्की येत नाही. स्की शाळेत नाव घाला. गटाचे वर्ग बहुधा रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात आणि आठवडाभर चालतात. गावात शनिवारी पोहोचण्याचा हाही एक फायदा. मुलांना गटात घाला, ती आपसांत शिकतात, भाषा आडवी येत नाही. मोठ्यांना परवडत असेल तर पहिल्या दिवशी दोन तास खाजगी शिक्षक आणि पुढे गट, असं करा. नोंदणी करताना इंग्रजी बोलणारा शिक्षक हवा असं लिहा.

पहिला दिवस बोडमीवर जातो. बूट घालून चालणं, एका स्कीवर सरकणं, पडून उठणं आणि थांबणं. थांबण्यासाठी स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून पाचरीसारखा आकार करतात, मुलांना तो ‘पिझ्झा’ म्हणून शिकवतात. या दिवशी महागडा पूर्ण भागाचा लिफ्ट पास घेऊ नका. प्रौढांचा एका दिवसाचा पास सत्तर फ्रँकच्या वर जातो, आणि शिकाऊ उताराच्या पट्ट्याला तो लागत नाही. त्या जागेचं वेगळं तिकीट कसं आहे ते स्की शाळेला विचारा.

दुसरा दिवस वळणांचा. दुपारी दोनला थांबा, जमतंय असं वाटत असलं तरी. पडझड आणि दुखापती दमलेल्या पायांमुळे होतात, आणि ‘शेवटची एक फेरी’ ही सर्वांत वाईट फेरी असते. तिसऱ्या दिवशी अंग सगळ्यात जास्त दुखतं. आम्ही आता सकाळी फक्त वर्गाचे दोन तास करतो आणि दुपारी गरम पाण्याने अंघोळ, वरण-भात, झोप. चौथ्या दिवशी शिक्षकाच्या परवानगीने मेनलिखेनला जा. २०१९ च्या नव्या गोंडोलाने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने वर गेलात की समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ ओळीने उभे असतात आणि पायाखाली रुंद निळा उतार असतो. पूर्ण पास या दिवसापासून घ्या. परतताना गावापर्यंत स्की करत उतरायचा हट्ट नको. खालचा भाग अरुंद असतो आणि दुपारी बर्फ जड झालेला असतो. गोंडोलाने उतरा.

लिफ्टची थोडी ओळख असू द्या. टी-बार म्हणजे उलट्या टी-आकाराचा दांडा. त्यावर बसायचं नसतं, तो मागून ढकलतो, आपण फक्त उभं राहायचं. बसायला गेलेला प्रत्येक माणूस पडतो. चेअरलिफ्टवर चढताना काठ्या एका हातात घ्या, बसल्यावर लगेच दांडी खाली ओढा, आणि उतरताना स्कीची टोकं वर ठेवून सरळ पुढे सरकत जा, मध्येच थांबू नका. गोंडोलात स्की बहुधा बाहेरच्या खाचेत ठेवतात.

आठवड्यात एक-दोन दिवस हवामान खाणार हे धरून चाला. दक्षिणेकडून ‘फ्योन’ हा कोरडा, उबदार वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद होतात. ढग उतरले की सगळं पांढरं होतं आणि चढ-उताराचा अंदाज जातो. अशा दिवशी झाडांमधून जाणारे खालचे उतार बरे, कारण झाडांमुळे डोळ्यांना आधार मिळतो.

उतारावरचे नियम

स्वित्झर्लंडमध्ये निळा उतार सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. पिवळी खूण असलेला मार्ग हिमस्खलनापासून राखलेला असतो, पण बर्फ सपाट केलेला नसतो, तेव्हा शिकणाऱ्यांनी तिकडे जायचं नाही. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत, त्यातला मुख्य असा की खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला. मागून-वरून येणाऱ्याने सांभाळायचं, कारण खालच्याला मागे डोळे नाहीत. थांबायचं तर कडेला, वळणाच्या किंवा उंचवट्याच्या खाली कधीच नाही. अपघात दिसला तर दोन स्की जखमी माणसाच्या वरच्या बाजूला बर्फात फुलीसारख्या रोवा, म्हणजे येणाऱ्यांना कळतं. नाव-पत्ता देणं आणि मदतीला थांबणं हे सर्वांवर बंधनकारक आहे.

आखलेला उतार सोडून ताज्या बर्फात पाऊल टाकू नका. दाव्होसची हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळ्यात रोज धोक्याची पातळी एक ते पाच आकड्यांत जाहीर करते. तीन आकडा दिसला की लोकांना तो मधला, म्हणून ठीक वाटतो. तसं नाही. तीन म्हणजे लक्षणीय धोका. मुलांना हे घरी असतानाच समजावून सांगा.

स्की न करणाऱ्यांचा आठवडा

आमच्या सासूबाईंचा आठवडा आमच्याइतकाच भरगच्च गेला, कारण तो आधी आखला होता. मेनलिखेन ते क्लायने शायडेक या खिंडीपर्यंत अशी बर्फ दाबून केलेली चालण्याची वाट आहे, जवळजवळ सगळी सौम्य उताराची, आणि तिच्या टोकाला चहा मिळतो. पायी जाणाऱ्यांचं तिकीट वेगळं असतं. डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेली आयगर एक्सप्रेस ही केबल कार टर्मिनलवरून पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर या वरच्या स्थानकाला नेते. तिथून १९१२ सालची युंगफ्राउ रेल्वे बोगद्यातून ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोख स्थानकाला जाते. तिकीट महाग आहे, म्हणून सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहूनच काढा. वर हळू चाला. उंचीमुळे डोकं दुखलं किंवा मळमळलं तर खाली उतरणं हाच उपाय.

घसरगाडी मात्र सगळ्यांनी करावी. फाउलहॉर्न या शिखरापासून गावापर्यंत १५ किलोमीटरची घसरगाडीची वाट आहे, पण तिच्यासाठी ‘फर्स्ट’ या वरच्या लिफ्ट स्थानकाहून सुमारे अडीच तास गाडी ओढत चढावं लागतं. ट्रेकची सवय असलेल्यांनी एक दिवस खास राखून ठेवावा. बाकीच्यांसाठी बुसाल्पपर्यंत बस जाते.

खाणं

रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याची खरपूस परतलेली जाड पोळी. उपवासाच्या किसाची आठवण येते. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाविना, असं मागा. फोंड्यूत पांढरी वाइन असते. आल्पलरमाग्रोनेन हा मॅकरोनी, बटाटा, चीज आणि सफरचंदाच्या गऱ्याचा प्रकार थंडीत फार समाधान देतो. काटेकोर शाकाहारी असाल तर ग्रुयेर, एमेंटाल ही पारंपरिक चीज प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातून मिळणाऱ्या विरजणाने विरजतात, हे माहीत असू द्या.

घरून काय न्यायचं? तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नका. भारतातून प्राणिजन्य पदार्थ, दूधदुभतं धरून, स्वित्झर्लंडमध्ये न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नाहीत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, डाळ-तांदूळ, शेंगदाण्याची चिक्की हे चालतं. चिक्की तर प्रत्येकाच्या खिशात हवीच. अकरा वाजता पाय थरथरायला लागतात तेव्हा तिच्यासारखं औषध नाही. गावात कोऑपचं दुकान आहे, दही, भाजी, ब्रेड तिथे मिळतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या आणि तहान लागली नाही तरी पीत राहा.

जाणं आणि परतणं

मुंबईहून झुरिचला थेट विमान आहे. विमानतळाखालीच रेल्वे स्थानक. तिथून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट, साधारण सव्वादोन तास, आणि पुढे बर्नर ओबरलांड रेल्वेने ग्रिंडेलवाल्ड, सुमारे पस्तीस मिनिटं. ही गाडी त्स्वाइल्युट्शिनेनला दुभंगते. एक भाग ग्रिंडेलवाल्डला, दुसरा लाउटरब्रुनेनला. डब्यावरची पाटी वाचूनच चढा, नाहीतर सामान एका खोऱ्यात आणि माणसं दुसऱ्या. आठवडा एकाच गावात काढणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास बहुधा वसूल होत नाही. अर्ध्या भाड्याचं कार्ड आणि सुट्या तिकिटांचा हिशेब आधी मांडून पाहा.

परतीच्या शनिवारी सकाळी सगळा गाव एकाच वेळी हलतो. म्हणून स्की आणि बूट शुक्रवारीच परत करा. आम्ही शुक्रवारी दुपारी एकपर्यंत मेनलिखेनवर असतो, शेवटचा उतार सगळे मिळून एका ओळीत उतरतो, वर उन्हात बसून रोश्टी खातो. मग टर्मिनलवर बूट काढून नेहमीची चप्पल-बुटं पायात घालतो. सात दिवसांनंतर मऊ बुटांतलं ते पहिलं पाऊल इतकं हलकं पडतं की मुलगी दर वेळी स्थानकाच्या फरशीवर दोन उड्या मारून घेते.